लहान मुलांची थेरपी सुरू करताना: बेळगाव सीमाभागातील पालकांसाठी

मूल दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, वर्ष होत आले तरी आधाराशिवाय बसत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही किंवा एकच हात वापरते, असे लक्षात आल्यावर बालरोगतज्ज्ञ तपासणी करतात आणि थेरपी सुरू करण्याचा सल्ला लिहून देतात. त्यानंतर कोणाकडे जायचे, सोबत काय न्यायचे, किती दिवस जायचे आणि घरी काय करायचे, हे मात्र ओपीडीच्या गर्दीत बसून समजावून सांगायला सहसा कोणाला वेळ नसतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी किंवा अथणी परिसरातल्या मराठी कुटुंबांपुढे अंतराचा आणि भाषेचा प्रश्नही असतो. म्हणून मुलाला दवाखान्यात दाखल न करता, ठरलेल्या वेळी नेऊन घ्यायच्या थेरपीविषयी पालकांना काय माहीत असावे, ते येथे क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. थेरपिस्टकडचा आठवड्यातला एक किंवा दोन तास मुलापेक्षा पालकांना शिकवण्यासाठी अधिक असतो. मूल जागे असलेले बाकीचे सगळे तास घरात, अंगणात, अंगणवाडीत जातात आणि फरक पडायचा तो तिथेच पडतो. मुलाला खोलीत सोडून बाहेर बाकावर बसणाऱ्या पालकाच्या पदरात थेरपीचा फार थोडा भाग पडतो.

निदानाच्या नावाची वाट पाहू नये

“मुलगा आहे, उशिरा बोलेल”, “याचा बापही चार वर्षांनी बोलला”, “जीभ जड आहे” ही वाक्ये आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतात. त्यांमागे माया असते, पण त्यांपायी जाणारी वर्षे परत मिळत नाहीत, कारण पहिल्या तीन वर्षांत मेंदूची नवे शिकण्याची क्षमता सर्वाधिक असते. पुढील गोष्टी दिसल्यास वाट न पाहता दाखवावे: चार महिने होऊनही मान न सावरणे, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणे, दीड वर्ष होऊनही न चालणे, वर्षाच्या सुमारास बोट दाखवून काही न मागणे, नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद न देणे, सव्वा-दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी नसणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार निरोगी मुले ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही स्वतंत्र चालू लागतात, त्यामुळे चौदाव्या महिन्यात न चालणाऱ्या मुलाविषयी एवढ्यावरूनच घाबरण्याचे कारण नाही. पण मूल वर्षाचे होण्याआधीच ठामपणे एकच हात वापरत असेल, तर ते डावखुरे किंवा उजवे असल्याची खूण समजू नये. दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो. आणि आधी येत असलेले शब्द किंवा कौशल्य मुलाने कोणत्याही वयात गमावले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मले असेल, तर दोन वर्षांचे होईपर्यंत हिशेब दुरुस्त वयाने करावा. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आज दहा महिन्यांचे असेल, तर त्याच्याकडून आठ महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची.

ऑटिझम (संवाद आणि वागणूक यांच्या विकासातला वेगळेपणा) आहे की नाही, सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) आहे की नाही, याचे ठाम उत्तर मिळायला काही भेटी लागू शकतात. तोपर्यंत थेरपी थांबवून ठेवण्याचे कारण नाही, कारण थेरपिस्ट मुलाला काय जमते आणि काय जमत नाही यावर काम करतो आणि त्यासाठी आजाराचे नाव हाती असण्याची गरज नसते.

कोणाकडे जायचे

हालचाल, तोल, स्नायूंचा ताठरपणा किंवा ढिलेपणा यासाठी फिजिओथेरपिस्ट. हाताची बारीक कामे, जेवणे, कपडे घालणे, आवाज-स्पर्श सहन न होणे यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बोलणे, समजणे, चावणे-गिळणे यासाठी स्पीच थेरपिस्ट. वागणूक आणि बुद्धीच्या चाचण्यांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. अभ्यासासाठी विशेष शिक्षक, अशी साधारण वाटणी आहे. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला थेरपिस्ट तो लगेच सांगतो.

सुरुवात सरकारी वाटेने करणे शहाणपणाचे ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात, आणि विकासात मागे असलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद त्याच कार्यक्रमात आहे. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना पथक केव्हा येणार ते विचारावे, आणि पथक येऊन गेले असेल तर थेट बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. बेळगावात केएलई संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, शिवाय खासगी केंद्रेही आहेत. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या कुटुंबांना कोल्हापूर किंवा गडहिंग्लज सोयीचे पडते आणि केवळ थेरपीसाठी राज्याची सीमा ओलांडायला काही अडचण नाही. अडचण येते ती प्रमाणपत्रे आणि योजनांच्या बाबतीत, त्याविषयी पुढे लिहिले आहे. वाचा आणि श्रवणाच्या गुंतागुंतीच्या प्रश्नांसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत.

बोलण्याची तक्रार असेल तर आधी कान

हा भाग वेगळा लिहितो, कारण तो सर्रास सुटतो. मूल बोलत नसेल तर थेरपीच्या पहिल्या सत्राआधी किंवा निदान त्याबरोबरच कानांची तपासणी झालीच पाहिजे. ताट वाजवल्यावर किंवा फटाक्याने मूल दचकते म्हणजे त्याला ऐकू येते, असा समज चुकीचा आहे. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू न येणे अगदी शक्य असते. ओएई ही कानात लहान बोंडी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी काही मिनिटांत होते. आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसा कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या बेरा चाचणीसाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवण्यास सांगतात आणि कधीकधी झोपेचे औषध देतात. अथणीहून बसने येताना ते वाटेतच झोपून गेले, तर दवाखान्यात पोचल्यावर टक्क जागे राहते आणि फेरी फुकट जाते. म्हणून सोबत दुसरे माणूस घ्यावे आणि प्रवासात मुलाला जागे ठेवावे.

जीभ खाली चिकटलेली असल्यामुळे मूल बोलत नाही, असे समजून ती कापून आणण्याचा आग्रह काही कुटुंबे धरतात. जिभेच्या बंधामुळे काही मोजके उच्चार अस्पष्ट होऊ शकतात, पण शब्दच न येण्याचे ते कारण नसते. लवकर वाचा फुटावी म्हणून तान्ह्या बाळाच्या जिभेवर वेखंड उगाळून लावण्याची पद्धतही थांबवावी. त्याने बोलणे येत नाही, उलट्या मात्र होऊ शकतात.

पहिल्या भेटीची तयारी

एक साधी फाइल करावी आणि तिच्यात सगळे कागद तारखेनुसार लावावेत. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारे माता-बाल नोंदीचे कार्ड), बाळंतपणाचे आणि नवजात अतिदक्षता विभागाचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाची नोंद, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि चष्मा किंवा श्रवणयंत्र असल्यास ते, इतके पुरे. बाळ जन्मताच रडले का, वजन किती होते, कावीळ किती दिवस राहिली, झटके आले का, हे प्रश्न हमखास विचारले जातात. उत्तरे आईला नीट आठवतीलच असे नाही, म्हणून आजी आणि वडिलांशी बोलून ती आदल्या दिवशी कागदावर उतरवावीत. झटके येत असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

दुसरी तयारी अधिक मोलाची आहे. अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखे वागत नाही, कित्येकदा नुसते रडते. त्यामुळे ते जेवताना, खेळताना, भावंडांशी भांडताना आणि काही मागताना कसे वागते याचे एक-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ फोनवर घेऊन ठेवावेत. बोलण्याचा प्रश्न असेल तर मूल वापरत असलेल्या शब्दांची यादी करावी आणि प्रत्येक शब्द ते जसा उच्चारते तसाच लिहावा: पाण्याला “पापा” म्हणत असेल तर “पापा”.

वेळ अशी मागावी की मूल झोपेच्या किंवा भुकेच्या भरात नसेल. सोबत त्याचे आवडते खेळणे आणि आवडीचा खाऊ ठेवावा, कारण थेरपिस्ट बक्षीस म्हणून त्याचाच उपयोग करतो.

पहिल्या भेटीत काय होते

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि तिच्यात उपचारापेक्षा मूल्यमापन जास्त असते. थेरपिस्ट जमिनीवर बसून मुलाशी खेळतो, तेव्हा ‘हे तर घरीसुद्धा करता येते’ असे पालकांना वाटते. मूल वस्तूकडे पाहून पुन्हा माणसाकडे पाहते का, दोन्ही हात एकत्र आणते का, वळताना कुठल्या बाजूला पडते, हे त्या खेळातूनच तपासले जात असते. मूल रडले तर त्याला रागावू नये. सुरुवातीची काही सत्रे रडण्यात जाणे नेहमीचे आहे. रडे कमी होत नसेल तर सत्र लहान करण्याविषयी बोलावे.

उठण्याआधी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली, उद्दिष्ट लिहून घ्यावे. “मूल बोलू लागेल” हे उद्दिष्ट नव्हे. “तीन महिन्यांत तहान लागल्यावर पेल्याकडे बोट दाखवून किंवा शब्दाने दिवसातून चार वेळा पाणी मागेल” हे उद्दिष्ट, कारण ते गाठले की नाही हे आजीसुद्धा सांगू शकते. दुसरी, येत्या आठवड्यात घरी करायच्या दोनच गोष्टी, त्याही थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवून. तिसरी, फेरमूल्यमापनाची तारीख.

मराठी सोडू नका

सीमाभागातल्या मुलाच्या कानावर घरात मराठी, अंगणवाडीत आणि बाजारात कानडी, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी पडते. मूल उशिरा बोलू लागले की शेजारी, शिक्षक आणि क्वचित दवाखान्यातले लोकही सांगतात, “इतक्या भाषांनी गोंधळ होतो, घरी एकच बोला, शाळेची बोला.” हा सल्ला कितीही चांगल्या हेतूने दिलेला असला तरी तो पाळू नये. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्यामुळे बोलण्यात दोष निर्माण होत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीतही दोन भाषांमुळे जास्तीचे नुकसान आढळलेले नाही. उलट आई जी भाषा अडखळत बोलते त्या भाषेत ती कमी बोलते, तुटक बोलते, गोष्ट सांगत नाही, गाणे म्हणत नाही, आणि ज्याला भरपूर भाषा ऐकण्याची गरज आहे त्याच मुलाच्या वाट्याला ती कमी येते. शिवाय फक्त मराठी येणाऱ्या आजी-आजोबांपासून मूल तुटते, ते वेगळेच.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. शब्द मोजताना सर्व भाषांतले शब्द एकत्र मोजावेत. मूल घरी “पाणी” आणि अंगणवाडीत “नीरु” म्हणत असेल तर ते दोन शब्द आहेत आणि दोन्ही धरायचे आहेत. फक्त कानडीत किंवा फक्त इंग्रजीत चाचणी घेऊन मुलाची भाषा अपुरी ठरवली गेली असेल, तर ते मूल्यमापन अर्धे आहे असे नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे. दुसरे, थेरपिस्टला मराठी येते का ते विचारावे. येत नसेल तरी काम होऊ शकते, मात्र मग थेरपिस्टने पद्धत शिकवायची आणि पालकाने ती मराठीतून वापरायची, अशी विभागणी पहिल्याच भेटीत ठरवावी. सूचना कानडीत किंवा इंग्रजीत मिळत असतील आणि नीट कळत नसतील, तर मान हलवून बाहेर पडू नये. पुन्हा विचारावे, नाहीतर परवानगी घेऊन बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे.

घरचा सराव

सरावासाठी वेगळा तास काढू पाहणारी कुटुंबे आठ दिवसांत थकतात. ज्या कुटुंबांत तो सराव रोजच्या कामांत मिसळतो, तिथे तो टिकतो. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, भाकरी करणे, अंगण झाडणे ही कामे रोज त्याच क्रमाने होतात, त्यांत तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि शिकण्यासाठी मुलाला नेमकी हीच पुनरावृत्ती हवी असते.

बोलण्यासाठी काही साध्या सवयी लावून घ्याव्यात. मूल ज्या वस्तूकडे पाहते आहे त्याच वस्तूविषयी, लहान वाक्यांत बोलावे. बोलून झाल्यावर थांबावे, मनात दहापर्यंत अंक म्हणावेत आणि तोवर मुलाकडे पाहत राहावे. आपण इतक्या घाईने स्वतःच उत्तर देऊन टाकतो की मुलाची पाळीच येत नाही. ते “दूध” म्हणाले तर आपण “गरम दूध” म्हणावे, म्हणजे एक शब्द पुढे. “बोल ना, काय म्हणतात याला?” अशी परीक्षा घेणे बंद करावे आणि त्याऐवजी “केळं हवं की बिस्किट?” असे दोन वस्तू समोर धरून विचारावे. खुणा किंवा चित्रे वापरायला शिकवल्यास मूल आळशी होईल आणि बोलणारच नाही, ही भीती खरी नाही. संवाद साधता येऊ लागल्याने मुलाची चिडचिड कमी होते आणि पुष्कळ मुलांना त्यातून शब्दांकडे यायला मदतच होते. दोन वर्षांपर्यंत मोबाइल आणि टीव्ही पूर्ण बंद ठेवावा, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको. मूल जेवावे म्हणून मोबाइल समोर ठेवला तर दिवसातला बोलण्याचा सर्वांत चांगला अर्धा तास हातचा जातो, त्यामुळे सुरुवात जेवणाच्या वेळेपासूनच करावी.

हातांसाठी भाकरीच्या पिठाचा गोळा मळायला द्यावा, भुईमुगाच्या शेंगा फोडू द्याव्यात, वाटाणे सोलू द्यावेत, मात्र दाणे गिळून घशात अडकू नयेत म्हणून शेजारी बसूनच. पायांसाठी लाकडी पांगुळगाडा ढकलणे चांगले. पण मधोमध बसवून चाकांवर फिरवायचा प्लास्टिकचा वॉकर घेऊ नये, त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात. स्नायू ताठ असलेल्या बाळाला जोर लावून मालिश करणे किंवा पाय खेचणे बंद करावे. स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरणारा आधार) किंवा विशेष बूट दिले असतील तर ते काढल्यावर त्वचेवर उठलेला लाल वण अर्ध्या तासात गेला नाही, तर ते घालणे थांबवून दाखवायला न्यावे.

दिवसभर मुलाजवळ जो असतो, त्याने थेरपीला जायला हवे. आई कामावर जात असेल आणि मूल आजीकडे राहत असेल, तर महिन्यातून निदान एका सत्राला आजीला न्यावे. कागदावरच्या सूचनेपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले आजी अधिक विश्वासाने करते, आणि मुख्य म्हणजे आईला “तुझ्या हातचे काही होत नाही” असे ऐकून घ्यावे लागत नाही.

अंतर, सुगी आणि पाऊस

आठवड्यातून तीनदा बेळगावला येणे जमत नसेल, तर तसे पहिल्याच दिवशी सांगावे. दोन महिने ओढाताण करून नंतर बंद पडणाऱ्या थेरपीपेक्षा पंधरा दिवसांतून एक भेट आणि मधल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल, अशी वर्षभर टिकणारी योजना माझ्या मते केव्हाही चांगली. कर्नाटकातील रहिवासी महिलांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो; आईने आधार कार्ड जवळ ठेवावे. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत पावसाळ्यात येणे-जाणे अवघड होते आणि सुगीत घरात कोणाला उसंत नसते. असे खंड पडणार हे दिसत असेल, तर त्या काळासाठी वेगळा, हलका घरचा कार्यक्रम आधीच लिहून घ्यावा.

पैसे आणि प्रमाणपत्रे

आयुष्मान भारत योजनेत मुख्यतः दाखल करून होणारे उपचार येतात, त्यामुळे ओपीडीतल्या थेरपीचा खर्च त्यातून निघेल असे धरून चालू नये. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून थेरपीचा खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या अपंगत्वांचा समावेश आहे आणि केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळणारे यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे ओळखपत्र) देशभर चालते. अर्ज राहत्या जिल्ह्यातून करावा. थेरपी कोल्हापूरला चालू असली तरी आधारवरचा पत्ता बेळगाव जिल्ह्याचा असेल तर कागद बेळगावचेच लागतात, आणि राज्य सरकारच्या सवलतीही पत्ता ज्या राज्यातला असेल त्याच राज्यात मिळतात. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसेल म्हणून ते टाळणारे पालक पुष्कळ आहेत. मी त्यांना एवढेच सांगेन की ते कागद कोणाला दाखवायचे हे पूर्णपणे तुमच्या हातात असते.

विश्वास केव्हा ठेवू नये

मूल पूर्ण बरे करण्याची हमी देणे, कित्येक महिन्यांची फी आगाऊ मागणे, पालकांना आत येऊ न देणे, लेखी उद्दिष्टे न देणे आणि रडणाऱ्या मुलाला दाबून धरून काम उरकणे, यातले काहीही दिसले तर जागा बदलावी. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल (मूलपेशी) उपचार म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या जाहिरातींना जमीन किंवा दागिने विकून बळी पडू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही ठरावीक आजारांपुरताच मान्य आहे.

मात्र फरक दिसायला वेळ लागतो, एवढ्याच कारणासाठी दर महिन्याला थेरपिस्ट बदलू नये. तीन महिने सत्रे नियमित झाली, घरचा सराव झाला आणि तरीही लिहिलेल्या उद्दिष्टांपैकी एकाकडेही मूल सरकले नाही, तर आधी त्याच थेरपिस्टशी बसून उद्दिष्ट फार मोठे होते का, पद्धत चुकते आहे का, की कान, दृष्टी किंवा झटक्यांचा काही प्रश्न राहून गेला आहे, ते तपासावे. त्यानंतरही समाधान झाले नाही, तर मूल्यमापनाचा अहवाल मागून घेऊन दुसरीकडे दाखवावे. तो अहवाल मागणे हा पालकांचा हक्क आहे.

उद्दिष्टे पूर्ण होऊ लागली की भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर येतात. याच सुमारास शाळेचा प्रश्न उभा राहतो. शेवटच्या अहवालाची प्रत वर्गशिक्षकांना द्यावी, मुलाला कुठे बसवावे आणि सूचना कशा द्याव्यात हे थेरपिस्टकडून एका पानावर लिहून घ्यावे, आणि सरकारी शाळा असेल तर समग्र शिक्षा योजनेतून विशेष गरजांच्या मुलांसाठी मिळणाऱ्या मदतीची मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. नियमित थेरपी थांबली तरी शाळेच्या पहिल्या वर्षात नव्या अडचणी दिसू शकतात, म्हणून सहा महिन्यांनंतरच्या फेरतपासणीची तारीख घेऊनच शेवटच्या सत्रातून बाहेर पडावे.